‘एक’ सजीव कशास म्हणावे? : जीवशास्त्रातील एका व्याख्येचा इतिहास

प्रस्तावना

पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्ट महिन्यांत, मुंबईच्या जुहू, अक्सा, गिरगाव या किनाऱ्यांवर निळसर, पारदर्शक फुग्यांसारखे जीव लाटांबरोबर वाहून येतात. त्यांच्या दोऱ्यांसारख्या लांब संस्पर्शकांचा डंख किनाऱ्यावर फिरणाऱ्यांना होतो. वृत्तपत्रांतील बातम्यांत या जिवाचा उल्लेख ‘ब्लू बॉटल जेलीफिश’ असा केला जातो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हे नाव बरोबर नाही. हा जीव जेलीफिश नसून सायफोनोफोरा गणातील फायसेलिया आहे. तो निवह आहे, म्हणजे एकमेकांस जोडलेल्या अनेक घटकांचा समूह आहे. त्याचे काही घटक भक्ष्य पकडतात, काही ते पचवितात, काही प्रजननाचे कार्य करतात. या सर्वांना पाण्यावर तरंगत ठेवणारा वायूने भरलेला फुगा वेगळाच. स्वतंत्रपणे जगणाऱ्या पॉलिपची रचना या घटकांत ओळखता येते. परंतु त्यांपैकी एकही घटक समूहापासून वेगळा होऊन जगू शकत नाही. मग वाळूवर पडलेला तो जीव एक मानावयाचा की अनेक?

हा प्रश्न वरकरणी शाब्दिक वाटतो. तथापि, जीवशास्त्रातील कित्येक विधाने मोजणीवर उभी आहेत. एका मादीस किती पिल्ले झाली, एका जंगलात किती झाडे आहेत, एखाद्या जातीचे किती सजीव शिल्लक आहेत, या सर्व विधानांत ‘एक’ म्हणजे काय हे ठरलेले आहे असे गृहीत धरलेले असते. माणूस, गाय, कावळा यांच्या बाबतीत ते गृहीत धरण्यास हरकत येत नाही. अडचण अशी की, पृथ्वीवरील बहुसंख्य सजीव माणसासारखे, गाईसारखे किंवा कावळ्यासारखे नाहीत.

युरोपीय भाषांत ‘व्यक्ती’ या अर्थी रूढ असलेला ‘इंडिव्हिज्युअल’ हा शब्द लॅटिनमधून आलेला असून त्याचा मूळ अर्थ ‘अविभाज्य’ असा आहे. मराठीतील ‘व्यक्ती’ हा शब्द मात्र अविभाज्यतेकडे नव्हे, तर व्यक्त होण्याकडे, प्रकट होण्याकडे निर्देश करतो. पाश्चात्त्य जीवशास्त्राने या प्रश्नाशी जी दीर्घ झुंज दिली, तिचे एक मूळ त्या लॅटिन शब्दातच आहे. जे तोडता येत नाही ते एक, ही कल्पना अठराव्या शतकात एका डबक्यातील जिवाने मोडीत काढली. त्यानंतर या व्याख्येत जे बदल होत गेले, त्यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे. हे बदल केवळ नवे विचित्र जीव सापडले म्हणून झालेले नाहीत. शास्त्रज्ञांना दर वेळी काहीतरी वेगळे मोजावयाचे होते, हे त्यांचे अधिक खोल कारण आहे.

कातरीने उपस्थित केलेला प्रश्न

अब्राहम ट्रेंबले हा मूळचा जिनीव्हाचा. हॉलंडमध्ये हेग शहरानजीकच्या सोर्गव्हलिट या वास्तूत तो काउंट बेंटिंक यांच्या दोन मुलांचा शिक्षक म्हणून राहत असे. १७४० च्या उन्हाळ्यात तेथील पाण्यातून आणलेल्या वनस्पतींवर त्याला काही हिरवे, बारीक जीव चिकटलेले दिसले. त्यांच्या एका टोकाला हातांसारखे तंतू होते आणि त्या तंतूंची संख्या प्रत्येकात सारखी नव्हती. झाडाच्या फांद्यांची संख्याही अशीच कमीअधिक असते. उलटपक्षी, हे जीव हालचाल करीत, आकसत, प्रकाशाच्या दिशेने सरकत. वनस्पती की प्राणी, याचा निकाल लावण्यासाठी ट्रेंबलेने एक साधा प्रयोग योजला. वनस्पतीची छाटलेली फांदी रुजते, प्राण्याचे दोन तुकडे केल्यास तो मरतो. तेव्हा कापून पाहावे.

२५ नोव्हेंबर १७४० रोजी त्याने असा एक जीव कातरीने आडवा कापला. दोन्ही तुकडे जगले. एवढेच नव्हे, तर काही दिवसांत डोक्याकडील तुकड्याला शेपूट आणि शेपटाकडील तुकड्याला तंतूंसह डोके फुटून दोन संपूर्ण जीव तयार झाले. या कसोटीप्रमाणे तो वनस्पती ठरावयास हवा होता. परंतु तोच जीव भक्ष्य पकडून गिळत असल्याचे ट्रेंबलेने पाहिले होते. पॅरिसमधील रेओम्युर यांच्याशी त्याचा पत्रव्यवहार सुरू झाला. रेओम्युर यांनी हा जीव प्राणीच असल्याचा निर्वाळा दिला व त्यास ‘पॉलिप’ हे नाव दिले. लिनीअसच्या वर्गीकरणात तो ‘हायड्रा’ झाला. १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने ट्रेंबलेला कोप्ली पदक दिले आणि १७४४ मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या प्रयोगाने उडालेली खळबळ आजच्या वाचकाला काहीशी अतिशयोक्त वाटेल. त्या काळातील धारणा लक्षात घेतली म्हणजे तिचे कारण कळते. प्राण्यास आत्मा असतो आणि आत्मा अविभाज्य असतो, असे मानणाऱ्यांपुढे आता प्रश्न होता : कातर चालली तेव्हा आत्म्याचे काय झाले? तो एका तुकड्यात राहिला असेल, तर दुसरा तुकडा कशाच्या बळावर जगला? ला मेत्रीसारख्या जडवाद्याने या पॉलिपचा उपयोग आत्म्याच्या कल्पनेविरुद्ध केला. ट्रेंबले स्वतः मात्र अशा निष्कर्षांपासून दूर राहिला. पाहिलेले नेमकेपणाने सांगावे, त्यापुढे जाऊ नये, ही त्याची शिस्त होती. त्याच्या समकालीनांत ती दुर्मीळच म्हणावी लागेल.

प्रवाळांच्या बाबतीतही हेच घडले. मार्सेयचे वैद्य पेसोनेल यांनी १७२० च्या दशकात प्रवाळाची ‘फुले’ ही वस्तुतः प्राणी असल्याचे सांगितले होते. रेओम्युर यांना ही कल्पना इतकी अविश्वसनीय वाटली की, १७२७ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे तिचा उल्लेख करताना त्यांनी पेसोनेल यांचे नाव सौजन्यापोटी गाळले. पॉलिपच्या शोधानंतर त्यांना आपले मत बदलावे लागले व १७४२ मध्ये त्यांनी पेसोनेल यांना त्यांचे श्रेय दिले. प्रवाळ हा प्राणी, हे अशा रीतीने मान्य झाले. एक प्राणी की हजारो, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

अंड्यापासून अंड्यापर्यंत

पुढील पाऊल समुद्रप्रवासांनी टाकले. रशियाच्या ‘रुरिक’ या जहाजावर १८१५ ते १८१८ या काळात निसर्गशास्त्रज्ञ म्हणून गेलेला आडेलबर्ट फॉन शामिसो हा जर्मन साहित्यात कवी म्हणून अधिक ओळखला जातो. त्याने १८१९ मध्ये साल्पा या पारदर्शक सागरी प्राण्यासंबंधी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. एकटा तरंगणारा साल्पा आणि साखळीने जोडलेले साल्पा या दोन भिन्न जाती समजल्या जात. वास्तविक त्या एकाच जातीच्या एकाआड एक येणाऱ्या पिढ्या होत्या. मुलगी आईसारखी नव्हे, आजीसारखी असते, असा हा प्रकार. डेन्मार्कच्या स्टीनस्ट्रप यांनी १८४२ मध्ये जेलीफिश, परजीवी चपटकृमी इत्यादींची उदाहरणे एकत्र करून ‘पिढ्यांचे एकांतरण’ हा व्यापक सिद्धांत मांडला.

टॉमस हेन्री हक्स्ले हा वयाच्या एकविसाव्या वर्षी, १८४६ मध्ये, ‘रॅटलस्नेक’ या ब्रिटिश जहाजावर साहाय्यक शल्यवैद्य म्हणून निघाला. त्याच्या अभ्यासाच्या आरंभीच्या विषयांत फायसेलिया होता. परतल्यावर, ३० एप्रिल १८५२ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने ‘प्राण्यांचे व्यक्तित्व’ या विषयावर व्याख्यान दिले. त्याचे उत्तर स्पष्ट होते : एका फलित अंड्यापासून जे जे निर्माण होते, त्या सर्वांचा समुच्चय म्हणजे एक व्यक्ती. ते सर्व एकमेकांस चिकटलेले आहे की सुटे झालेले आहे, हा प्रश्न गौण. फायसेलियाचे घटक ही स्वतंत्र व्यक्ती नव्हेत. हायड्रापासून मुकुलनाने सुटून निघालेला नवा हायड्राही स्वतंत्र व्यक्ती नव्हे. अशा घटकांसाठी हक्स्लेने ‘झूइड’, म्हणजे प्राण्यासारखा पण प्राणी नव्हे असा, हा शब्द घडविला.

या व्याख्येचे परिणाम हक्स्लेने टाळले नाहीत. नराविना प्रजनन करणारा मावा उन्हाळ्यात पिढ्यामागून पिढ्या जन्मास घालतो. हक्स्लेच्या हिशेबाने एका अंड्यापासून निघालेला तो सारा मावा, मग तो दहा शेतांत पसरलेला असो, मिळून एकच कीटक होय. टीकाकारांना हे हास्यास्पद वाटले. त्याच न्यायाने एकाच फलित अंड्यापासून जन्मलेली जुळी भावंडे ही दोन माणसे नसून एकच माणूस ठरतात. एकच कर भरावा लागेल, एवढाच काय तो लाभ!

तथापि हक्स्लेचा आग्रह निव्वळ तर्कटपणा नव्हता. तुलनात्मक शरीररचनाशास्त्रात एका प्राण्याची दुसऱ्याशी तुलना करावयाची, तर दोन्ही बाजूंचे माप सारखे हवे. अंड्यापासून अंड्यापर्यंतचे जीवनचक्र हे असे माप होते. त्याला मोजावयाची होती ती जीवनचक्रे.

जर्मनीतील ल्यूकार्ट यांचे माप वेगळे होते. १८५१ मध्ये त्यांनी सायफोनोफोरा हे अनेक व्यक्तींचे राज्य असून त्यातील व्यक्तींमध्ये श्रमविभागणी झाली आहे, असे प्रतिपादन केले. फ्रान्सच्या मिल्न-एडवर्ड्स यांनी मांडलेली श्रमविभागणीची कल्पना त्यांनी येथे योजिली. हा केवळ प्राणिशास्त्रीय वाद होता असे समजणे चुकीचे ठरेल. १८४८ ची क्रांती नुकतीच फसली होती. फ्रँकफर्टच्या संसदेत सदस्य असलेले कार्ल फोग्ट यांनी १८५१ मध्ये ‘प्राण्यांची राज्ये’ या विषयावर पुस्तक लिहून सायफोनोफोरांच्या वर्णनाआड राजकीय टोमणे मारले. पेशीविकृतिविज्ञानाचे प्रणेते फिर्खो हेही उदारमतवादी राजकारणात होते आणि मानवी देह म्हणजे पेशी-नागरिकांचे राज्य, अशी त्यांची मांडणी होती. जीवाचे एकत्व आणि राष्ट्राचे एकत्व हे दोन प्रश्न त्या दशकांत एकाच भाषेत विचारले जात होते.

१८६६ मध्ये अर्न्स्ट हेकेल यांनी या सर्व मतांना जागा करून देणारी उतरंड रचली. पेशी, अवयव, शरीराचे सममित भाग, खंड, ‘पुरुष’ आणि निवह अशा व्यक्तित्वाच्या सहा पायऱ्या त्यांनी कल्पिल्या. तिची परिभाषा इतकी अवजड होती की, ती हेकेल यांच्या ग्रंथापलीकडे फारशी टिकली नाही. परंतु रचनेच्या दृष्टीने, कार्याच्या दृष्टीने आणि वंशाच्या दृष्टीने व्यक्तित्व वेगवेगळे असू शकते, हा त्यांचा भेद आजही उपयोगी आहे.

दगडफुलाचे द्वैत

हक्स्लेच्या व्याख्येत एक गोष्ट निर्विवाद धरलेली होती : एका सजीवाचा उगम एकाच ठिकाणी होतो. तिला धक्का बसला तो स्वयंपाकघरातील एका परिचित वस्तूमुळे. गोड्या मसाल्यात वापरले जाणारे दगडफूल हे वनस्पतिशास्त्रात शैवाक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सजीवांपैकी आहे. खडकांवर आणि झाडांच्या सालींवर वाढणारे हे शैवाक शतकानुशतके साध्या वनस्पती म्हणून वर्गीकृत होते. त्यांची स्वतंत्र नावे होती, त्यांचे स्वतंत्र तज्ज्ञ होते.

स्वित्झर्लंडच्या सिमोन श्वेन्डेनर यांनी १८६७ मध्ये, आणि १८६९ मध्ये अधिक विस्ताराने, असे जाहीर केले की, शैवाक नावाची वनस्पती अस्तित्वातच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात ते कवकाचे तंतू आणि त्यांच्या जाळ्यात अडकलेल्या शैवलाच्या हिरव्या पेशी. त्यांनी कवकाला धनी आणि शैवलाला गुलाम कल्पिले. शैवाकतज्ज्ञांना हा आपल्या शास्त्रावरील हल्ला वाटला. त्यांतील अग्रगण्य नायलांडर यांनी अखेरपर्यंत हे मत स्वीकारले नाही. या विरोधाला केवळ हट्ट म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल. त्यांनी आयुष्यभर जे पाहिले होते, ते एक निश्चित आकाराचे, निश्चित रंगाचे, पिढ्यान्‌पिढ्या तसेच राहणारे शरीर होते. कवक एकटे वाढविले तर ते शरीर होत नाही, शैवल एकटे वाढविले तरी होत नाही. मग जे दोघांच्या एकत्र येण्याशिवाय अस्तित्वातच येत नाही, ते ‘एक’ नाही असे कोणत्या आधारे म्हणावे?

आन्टोन द बारी यांनी १८७८ मधील कासेल येथील व्याख्यानात अशा भिन्न नावांच्या जीवांच्या एकत्र जगण्याला ‘सहजीवन’ ही संज्ञा दिली. नामकरणाच्या नियमांनी पुढे एक व्यावहारिक तोडगा काढला. शैवाकाला दिलेले शास्त्रीय नाव त्यातील कवकाचे समजावे, असा तो नियम. म्हणजे नाव एकाचे आणि देह दोघांचा. २०१६ मध्ये स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी अनेक शैवाकांत यीस्टच्या रूपातील दुसरे एक कवकही असल्याचे दाखविले, तेव्हा दोघांचा हिशेबही पुरेसा नसल्याचे दिसून आले. ट्रेंबलेला प्रथम सापडलेले हिरवे पॉलिपही या प्रश्नातून सुटत नाहीत. त्यांचा हिरवा रंग त्यांच्या पेशींत राहणाऱ्या शैवलाचा असतो. अविभाज्यतेची कल्पना मोडणारा तो जीव कापला जाण्यापूर्वीही काटेकोरपणे ‘एक’ नव्हता.

निवड कोणाची?

चार्ल्स डार्विन यांच्या १८५९ च्या ग्रंथाने प्रश्नाचे स्वरूपच बदलले. नैसर्गिक निवड ही मुळात मोजणीची प्रक्रिया आहे. कोणाला किती संतती झाली, यावर पुढील पिढीचे रूप ठरते. तेव्हा ‘कोणाला’ याचे उत्तर आता वर्गीकरणाच्या सोयीसाठी नव्हे, तर सिद्धांत चालण्यासाठीच आवश्यक झाले. डार्विन यांना ही अडचण वांझ कामकरी मुंग्यांच्या बाबतीत जाणवली होती. ज्यांना संततीच नाही, त्यांचे गुण निवडले कसे जातात? निवड एकट्या कीटकाप्रमाणेच कुटुंबालाही लागू पडू शकते, असे त्यांनी लिहिले.

आउगुस्ट वाइसमान यांनी देहद्रव्य आणि जननद्रव्य यांत भेद करून १८९२ मध्ये आपला सिद्धांत पूर्ण स्वरूपात मांडला. त्यानुसार देह मरतो, जननद्रव्य पुढे जाते. अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ विल्यम मॉर्टन व्हीलर यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हाच भेद मुंग्यांच्या वारुळाला लावला. राणी आणि नर हे वारुळाचे जननद्रव्य, कामकरी मुंग्या हा त्याचा देह. म्हणून वारूळ हेच एक सजीव, उपमेने नव्हे, अक्षरशः.

अशा विधानांची कसोटी भारतात घेतली गेली, ही विशेष नोंद घेण्याजोगी बाब होय. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी रोपॅलिडिया मार्जिनाटा या, दक्षिण भारतात सर्वत्र आढळणाऱ्या गांधीलमाशीचा अनेक दशके अभ्यास केला. त्यांचा या विषयावरील ग्रंथ २००१ मध्ये प्रकाशित झाला. या माशीची कामकरीण मधमाशीच्या कामकरणीसारखी पूर्णतः बांधलेली नसते. ती घरट्यात राहून राणीच्या संततीची सेवा करू शकते, राणी नाहीशी झाल्यास तिची जागा घेऊ शकते किंवा बाहेर पडून स्वतःचे घरटे सुरू करू शकते. व्हीलर यांच्या भाषेत बोलावयाचे, तर या ‘देहा’तील पेशी हवे तेव्हा ‘जननद्रव्य’ होऊ शकते. तेव्हा हे घरटे एक सजीव आहे काय, या प्रश्नाला होय किंवा नाही असे उत्तर देता येत नाही. किती प्रमाणात, असेच विचारावे लागते.

१९९४ मध्ये गदगकर यांनी जॉन टायलर बॉनर यांच्यासमवेत सामाजिक कीटक आणि सामाजिक अमीबा यांची तुलना करणारा लेख लिहिला. बॉनर यांचा आयुष्यभराचा विषय होता डिक्टिओस्टेलियम. मातीत राहणारा हा अमीबा जीवाणू खाऊन एकटा जगतो. अन्न संपले म्हणजे हजारो अमीबे रासायनिक संकेतांच्या मागाने एकत्र येतात, त्यांची एक बारीक गोगलगायीसारखी सरकणारी वळी बनते आणि अखेर एक देठ व त्यावर बीजाणूंचा गोळा तयार होतो. देठ बनविणारे सुमारे एकपंचमांश अमीबे मरतात, उरलेले बीजाणू होऊन नव्या जागी जातात. फायसेलिया एका अंड्यापासून अनेक होतो. येथे अनेक मिळून एक होतात. या समूहात वेगवेगळ्या वंशांचे अमीबे मिसळलेले असू शकतात. मग दुसऱ्यांसाठी कोणी मरावे आणि कोणी बीजाणू व्हावे, यावर त्यांच्यात स्पर्धा उद्भवते. त्याच संस्थेतील विद्यानंद नंजुंदैया यांनीही या स्पर्धेचा आणि सहकार्याचा दीर्घकाळ अभ्यास केला.

येथे व्यक्तित्वाच्या चर्चेला एक नवी कसोटी मिळाली. घटक जोडलेले आहेत काय, त्यांचा उगम एक आहे काय, याबरोबर आता त्यांचे हितसंबंध एक आहेत काय, हेही विचारले जाऊ लागले. एका अंड्यापासून वाढणाऱ्या देहातील पेशी आपापसांत सहसा भांडत नाहीत, कारण त्या सर्वांचा वंश एकच असतो. भांडू लागल्या, तर त्यास कर्करोग म्हणतात.

लिओ बस यांनी १९८७ मधील ग्रंथात यावरून दूरगामी निष्कर्ष काढला. बहुपेशीय सजीव हा उत्क्रांतीचा आरंभबिंदू नसून तिचे फलित आहे. पेशींनी आपापली स्वतंत्र वाढ आवरून एका देहाचे नियम स्वीकारले, ही ऐतिहासिक घटना असून तिचा खुलासा झाला पाहिजे. आजवर ‘सजीव म्हणजे काय’ असे विचारले जात होते. बस यांनी ‘सजीव कसे घडले’ असे विचारले. या सर्व इतिहासातील सर्वांत फलदायी वळण कोणते, असे विचारल्यास याच वळणाकडे बोट दाखवावे लागेल. जॉन मेनार्ड स्मिथ आणि इओर्श साथमारी यांनी १९९५ मध्ये उत्क्रांतीतील मोठ्या स्थित्यंतरांची जी मांडणी केली, तीही याच दिशेची आहे. डेव्हिड क्वेलर व जोन स्ट्रासमन यांनी २००९ मध्ये भरपूर सहकार आणि अत्यल्प संघर्ष असलेला समूह म्हणजे सजीव, अशी व्याख्या सुचविली. ती गांधीलमाशीला आणि अमीब्याला चांगली लागू पडते. मात्र संघर्ष किती अल्प झाला म्हणजे अनेकांचे एक झाले, याची रेषा ती आखून देत नाही.

वड, अळंबी आणि केळी

प्राण्यांच्या तुलनेत वनस्पतींच्या बाबतीत हा प्रश्न रोजच्या व्यवहाराचा आहे. हावडा येथील शिबपूरच्या वनस्पतिउद्यानातील विख्यात वटवृक्षाचे मूळ खोड कवकाच्या प्रादुर्भावाने सडल्यामुळे १९२५ मध्ये काढून टाकण्यात आले. हजारो पारंब्यांवर उभा असलेला त्याचा विस्तार तेव्हापासून मूळ खोडाविना वाढत आहे आणि तो एकच वृक्ष म्हणून गणला जातो. वटवृक्षाच्या फांद्या निदान डोळ्यांना जोडलेल्या दिसतात. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या जंगलात जमिनीखाली पसरलेल्या आर्मिलेरिया या अळंबीचे तसे नाही. १९९२ मध्ये मायरन स्मिथ, जोहान ब्रून आणि जेम्स अँडरसन यांनी जनुकीय चाचण्यांच्या आधारे १५ हेक्टरांत वाढलेले हे कवक १,५०० वर्षांहून अधिक वयाची एकच व्यक्ती असल्याचे जाहीर केले. २०१८ मधील पुनरभ्यासात हे वय किमान २,५०० वर्षे आणि वजन सुमारे चार लाख किलोग्रॅम असल्याचे अनुमान काढण्यात आले. पावसाळ्यानंतर वर दिसणाऱ्या छत्र्या मोजणारा माणूस येथे हजारांची गणती करील.

ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन हार्पर यांनी १९७० च्या दशकात दोन्ही मोजण्यांना मान्यता दिली. एका बीजापासून झालेले सर्व काही म्हणजे ‘जेनेट’ आणि त्याचा स्वतंत्रपणे जगू शकणारा प्रत्येक घटक म्हणजे ‘रॅमेट’, अशा संज्ञा त्यांनी रूढ केल्या. डॅनियल जॅन्झन यांनी १९७७ मध्ये डँडेलियन हे रानफूल आणि मावा यांच्याविषयी पुन्हा हक्स्लेचीच बाजू घेतली. बीजांद्वारे परंतु फलनाविना पसरणारी डँडेलियनची असंख्य रोपे म्हणजे जमिनीवर विखुरलेला एकच मोठा वृक्ष, असे त्यांचे म्हणणे होते. सव्वाशे वर्षांपूर्वी हसण्यावारी नेलेली कल्पना उत्क्रांतीच्या अभ्यासात अशी परत आली.

जळगाव जिल्ह्यातील केळीबागांकडे या दृष्टीने पाहिल्यास या वादाचे व्यावहारिक वजन लक्षात येते. बसराई आणि ग्रँड नैन हे दोन्ही वाण कॅव्हेंडिश गटातील असून त्यांना बी धरत नाही. मुनव्यांपासून किंवा उतिसंवर्धनाने त्यांची लागवड होते. शेतकरी झाडे मोजतो, खत आणि पाणी झाडागणिक देतो, घडही झाडागणिक उतरवितो. त्याच्या दृष्टीने एका बागेत हजारो केळी आहेत आणि त्याचे म्हणणे बरोबर आहे. हक्स्ले किंवा जॅन्झन यांच्या दृष्टीने, अधूनमधून झालेली उत्परिवर्तने सोडल्यास, खानदेशापासून मध्य अमेरिकेपर्यंतची सारी कॅव्हेंडिश केळी हे एकाच बीजाचे विखुरलेले शरीर आहे. रोगाची बुरशी याच दुसऱ्या मोजणीने चालते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जागतिक व्यापारात असलेला ग्रो मिशेल हा वाण पनामा मर रोगापुढे टिकला नाही, कारण जे एका झाडाला मारू शकत होते, ते सर्वच झाडांना मारू शकत होते. त्याच्या जागी आलेला कॅव्हेंडिश हाही त्याच अर्थाने एकटा आहे आणि त्याला मारणारा त्या रोगाचा नवा प्रकार आशियातून पसरत गेला आहे.

माणूस आणि त्याचे सहवासी

आरंभी ज्यांच्या एकत्वाविषयी शंका नव्हती, त्या सस्तन प्राण्यांपर्यंत हा प्रश्न अखेर पोचला. पीटर मेडावर यांच्या त्वचारोपणाच्या प्रयोगांनंतर काही काळ असे वाटले की, देह स्वतःच ‘आपले’ आणि ‘परके’ यांत भेद करतो. तेव्हा व्यक्तीची सीमा प्रतिकारशक्तीने आखून दिली आहे. परंतु आईचे शरीर अर्ध्या परक्या गर्भाला नऊ महिने सांभाळते आणि आतड्यांतील जीवाणूंना हाकलून न देता त्यांच्याकडून अन्नपचनात साहाय्य घेते. सेंडर, फुक्स आणि मिलो यांनी २०१६ मध्ये केलेल्या गणनेनुसार सुमारे ७० किलोग्रॅम वजनाच्या माणसात ३० लाख कोटी मानवी पेशी आणि ३८ लाख कोटी जीवाणू असतात. त्यापूर्वी २०१२ मध्ये स्कॉट गिल्बर्ट, जॅन सॅप आणि आल्फ्रेड टाउबर यांनी आपण कधीच एकेकटे नव्हतो, असे शीर्षकातच सांगणारा निबंध लिहिला होता. त्यांचे म्हणणे विचारप्रवर्तक असले, तरी त्यात घाई आहे. आतड्यांतील सर्व जीवाणू आईकडून मुलाकडे एकत्रितपणे जात नाहीत. बरेचसे बाहेरून येतात आणि बाहेर जातात. ज्यांचा वंश एकत्र पुढे जात नाही, त्यांची निवडही एकत्रितपणे होईलच असे नाही. एकत्र राहणे आणि एक असणे यांतील अंतर येथे मिटविले गेले आहे.

या सर्व घडामोडींत फायसेलियाचा अभ्यास थांबलेला नव्हता. २०१९ मध्ये कॅट्रिओना मन्रो, केसी डन आणि सहकाऱ्यांनी त्याच्या वाढीचा क्रम तपशीलवार प्रसिद्ध केला. एका अंड्यापासून झालेल्या पहिल्या घटकावर ठरावीक जागी ठरावीक क्रमाने मुकुले फुटतात आणि फुग्याखालचा सारा गुंता त्यांतून उभा राहतो. लेखक त्या जिवाला निवह म्हणतात, म्हणजे ल्यूकार्ट यांच्या परंपरेतील शब्द वापरतात. त्याच्या घटकांसाठी मात्र त्यांनी वापरलेला शब्द ‘झूइड’ हाच आहे. ते घटक व्यक्ती नव्हेत, हे सांगण्यासाठी हक्स्लेने तो घडविला होता.